गार फडक्याची रीत

या, अंमळ पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसलात तर पाठीला बरं वाटेल, पण डोळा लागेल, आणि डोळा लागण्याचीच तर गोष्ट सांगायची आहे. लांबलचक नाही. आपल्या हुबळीच्या केशवापुरातल्या एका भावाबहिणीची आहे. ऐकून झालं की शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं आत्ताच कानावर घालून ठेवतो.

केशवापुरात मागच्या गल्लीला रामाचं एक देऊळ आहे. रस्त्याला इतकं चिकटून, की सिटी बस गेली की समईची ज्योत थरथरते. तिथले कीर्तनकार म्हणजे बाळाचार्य. पोटापाण्यासाठी त्यांनी लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि संध्याकाळी धोतर, उपरणं, हातात चिपळ्या. सकाळी बेडकाचं हृदय आणि संध्याकाळी भक्ताचं हृदय, दोन्ही सारख्याच गोडीनं उघडून दाखवणारा माणूस, असं लोक हसून म्हणायचे. खरंही होतं ते.

त्यांच्या मागं, उजव्या हाताला, पेटीवर बसायची त्यांची धाकटी बहीण अंबूताई. भावापेक्षा बारा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. धारवाडच्या कचेरीत नोकरी, आणि संध्याकाळी पेटी. कीर्तन करणारा ओळ टाकतो आणि श्वास घेतो; तेवढ्या श्वासात मागच्यानं सूर भरायचा असतो, नाहीतर कथेला भोक पडतं. तीस वर्षं अंबूताईंनी एकदाही भोक पडू दिलं नव्हतं. बाळाचार्यांची बायको गेल्यावर तर घरात ही दोघंच. ती सकाळी सहाला रांगोळी घालता घालता गुणगुणायची, आणि ते आतून म्हणायचे, “अंबू, पट्टी अर्धी वर गेलीय बघ.” ती म्हणायची, “तुझा कान खाली आलाय, अण्णा.”

आता देवळाची ती रीत सांगतो. म्हणजे होती, आता नाही. गादीशेजारी एक पितळी वाटी असायची, पाण्यानं भरलेली, आणि त्यात पंच्याची घडी. कीर्तनात कुणाला डुलकी लागली की बुवांनी गादीवरून खाली उतरायचं, ते गार फडकं त्याच्या दोन्ही डोळ्यांवर धरायचं, आणि सगळ्या सभेनं रामनामाचा गजर करायचा. दीड-दोन मिनिटं. मग फडकं काढायचं आणि विचारायचं, “कुठं आलो होतो आपण कथेत?” सांगता आलं तर खडीसाखर, नाही आलं तर उरलेलं कीर्तन पहिल्या रांगेत. कुणी राग मानायचं नाही. मोठमोठे वकील त्या फडक्याखाली बसून गेलेत. चैत्रात उन्हाळा म्हणून कोपऱ्यावरच्या रसाच्या दुकानातून बर्फाचे खडे आणून वाटीत टाकायचे. तेव्हा तर मुलं डुलकीचं सोंग घ्यायची.

तर ते रामनवमीचं नवरात्र होतं. सहावा दिवस.

माघापासूनच अंबूताईंचं काहीतरी बिघडलं होतं. सकाळी ठणठणीत असायच्या, पण दिवस कलला की डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची, आवाज नाकात जायचा, जेवताना घास चघळून चघळून जबडा दमायचा. एकदा त्यांनी भावाला सांगितलंही, की संध्याकाळी मान धरवत नाही रे. बाळाचार्यांनी सांगितलं की कचेरीतून आल्यावर गरम चहा घेत जा. सकाळी जो चांगला असतो तो संध्याकाळी आजारी कसा असेल, असं त्यांना वाटलं. बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला असं वाटलं.

सहाव्या दिवशी आख्यान रंगात आलं होतं. बाळाचार्यांनी एक ओळ टाकली, श्वास घेतला, आणि मागून सूर आला तो गुळमुळीत, ओला, वाट चुकलेला. कथेला भोक पडलं. त्यांनी वळून पाहिलं. अंबूताईंचा डावा डोळा मिटलेला, उजवा अर्धा उघडा, हनुवटी छातीला टेकलेली. बायकांच्या बाजूनं कुणीतरी खुदकन हसलं. त्यांना पुढं जाता आलं असतं. पण सभा हसायला तयार बसलेली असली की कीर्तनकाराच्या जिभेला खाज सुटते.

“पेटी जागी आहे हो,” ते म्हणाले, “पेटीवालीच निजली.”

सभा खदखदली. अंबूताईंनी मान उचलायचा प्रयत्न केला. मी जागीच आहे अण्णा, असं त्या म्हणाल्या, पण शब्द जिभेवर घसरले आणि नाकातून बाहेर आले.

“प्रसादाचा शिरा अजून तोंडातच दिसतोय,” बाळाचार्य म्हणाले. आता पहिल्यापेक्षा मोठं हसू. आणि ते गादीवरून उतरले, बर्फाच्या पाण्यातली घडी पिळली आणि बहिणीच्या डोळ्यांवर धरली. गजर सुरू झाला. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती.

आणि इथं जरा थांबा. कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथं आहे. बाळाचार्य फडकं धरून वाकलेले होते, त्यामुळं त्यांना पेटी जवळून दिसत होती. फडक्याखाली डोळे बंद असलेल्या अंबूताईंची उजव्या हाताची बोटं सुरांवर चालत होती. हळू, अडखळत, पण गजराच्याच चालीत. निजलेलं माणूस साथ करत नाही. हे त्यांनी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. आणि तरी फडकं धरून ठेवलं, कारण गजर अर्धा झाला होता आणि सभा खुश होती.

फडकं काढलं तर काय, दोन्ही डोळे टक्क उघडे. निजल्याचा पुरावाच मिळाला जणू. कुठं आलो होतो आपण, असं त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, आणि अंबूताईंनी ज्या शब्दावर ते थांबले होते तो शब्दसुद्धा सांगितला. तरी लोक हसलेच. खडीसाखर हातावर ठेवली, ती त्यांनी तोंडात टाकली नाही. पेटीच्या कडेला ठेवली. थोड्या वेळात पापणी पुन्हा उतरली, पण आता तिकडं बघण्याचं बाळाचार्यांनी टाळलं.

नवमी झाली, आणि दशमीला अंबूताई दोन पिशव्या घेऊन धारवाडच्या वाटेवरच्या रायापूरला गेल्या. तिथं कचेरीतल्या मालतीबाईंची माडीवरची खोली रिकामी होती. तिथून कचेरी जवळ पडते, एवढंच त्या म्हणाल्या. बाळाचार्यांना कळलं की ती रुसली आहे, आणि खरं सांगायचं तर तेही रुसले. एवढ्या चेष्टेनं घर सोडायचं म्हणजे काय? पेटीवर शेजारचे श्रीहरी बसू लागले. श्रीहरींचा सूर चोख होता. पण श्वास कुठं आहे ते त्यांना कळायचं नाही. प्रत्येक कीर्तनात दहा भोकं.

ती बोटं मात्र बाळाचार्यांना दिसत राहिली. आंघोळीच्या वेळी, भाजी निवडताना. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. रामालाही नाही, म्हणजे हात जोडले की ते दुसरंच काही बोलायचे.

ज्येष्ठात दुपारी फोन आला. पलीकडून दीपश्री बोलत होती, त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदू आणि नसांची डॉक्टर. ताकभाताचा घास अंबूताईंच्या घशात अडकला, मालतीबाईंनी इथं आणलं, आता बऱ्या आहेत, तुम्ही या, असं तिनं सांगितलं. बाळाचार्य ऑटोत बसले तेव्हा उपरणं उलटं पडलं होतं.

ते पोचले तेव्हा दीपश्री अंबूताईंच्या खाटेशी उभी होती. अंबूताईंचा डावा डोळा पूर्ण मिटलेला. दीपश्रीनं रबरी हातमोज्यात बर्फ भरला, वर गॉज गुंडाळलं आणि ते त्या मिटलेल्या पापणीवर धरलं. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ती उभी राहिली. दोन मिनिटं झाली. तिनं बर्फ काढला, आणि पापणी वर आली. डोळा टक्क उघडला. त्या उघड्या डोळ्यानं अंबूताईंनी दारात उभ्या असलेल्या भावाकडं पाहिलं.

“बघा सर,” दीपश्री म्हणाली, “गारव्यानं पापणी वर येते. झोपेतल्या माणसाचं वेगळं असतं. हे ह्याच दुखण्याचं लक्षण. रक्ताचा रिपोर्टही तेच म्हणतोय.”

बाळाचार्य स्टुलावर बसले. मग त्यांनी चैत्रातली गोष्ट तिला सांगितली, हळू आवाजात. बोटांची गोष्ट सोडून. दीपश्रीनं बर्फाचा मोजा खाली ठेवला.

“तपासणी बरोबर केलीत, सर,” ती म्हणाली. “वाचायला चुकलात.”

बाहेरच्या बाकावर तिनं एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावून सांगितलं. ह्या दुखण्याला मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. नस स्नायूला निरोप पाठवते, आणि तो निरोप घेणारी जी टोकं स्नायूवर असतात, त्यांच्यावरच शरीराचे राखणदार हल्ला करतात. परका समजून. म्हणून सकाळी, विश्रांतीनंतर, ताकद असते. वापरावी तशी सरते. पापणी, जीभ, घसा, मान, दंड. ती आळशी नव्हती, सर. दिवसभराची संपलेली होती.

आणि राखणदार आपल्याच माणसावर का उठतात, तर त्यांची एक शाळा असते. छातीच्या हाडामागं, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी. नवे राखणदार तिथं येतात आणि तिथं त्यांना शरीरातल्या आपल्याच अंगाउपांगांचे तुकडे ओळखीसाठी दाखवतात. जो आपल्यावरच जोरानं झडप घालतो त्याला तिथंच संपवतात. शंभरातले चार-पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. काहींना निराळंच काम देतात: बाहेर जाऊन इतरांचा उगारलेला हात धरायचा. तरीही काही चुकार निसटतातच, पण हात धरणारे असले तर ते गप्प राहतात. अंबूताईंच्या त्या शाळेतच गाठ झाली होती. धडा तिथंच चुकत होता. गोळ्यांनी आधी ताकद आणायची, आणि मग श्रावणात ती गाठ ग्रंथीसकट काढायची.

“थायमस,” बाळाचार्य म्हणाले.

“हौदु सर, तीच,” दीपश्री हसली, पण डोळ्यांनी नाही. “तुम्ही वर्गात सांगायचात, ती ग्रंथी मोठेपणी वाळून जाते, परीक्षेत येत नाही, ऑप्शनला टाका. आठवतंय? तुम्ही टाका म्हणालात म्हणून मी ते पान मुद्दाम वाचलं.”

बाळाचार्य आत गेले. मालतीबाई औषध आणायला खाली गेल्या होत्या. खाटेभोवतीचा हिरवा पडदा त्यांनी ओढून घेतला आणि बहिणीच्या पायांवर हात ठेवला. मोठ्या भावानं धाकटीच्या पायांना हात लावायचा नसतो. त्यांनी लावला, आणि माझं चुकलं अंबू, असं तीन वेळा म्हणाले.

अंबूताईंनी पाय काढून घेतले नाहीत. गोळीचा असर होऊ लागला होता. शब्द आता जाग्यावर येत होते.

“अण्णा, फडकं धरलंस दोनशे माणसांत. आणि माफी मागतोस ह्या पडद्यामागं?”

एवढंच. मग त्यांनी डोळे मिटले, आणि ह्या वेळी ते दुखण्यानं की मनानं, हे बाळाचार्यांना कळलं नाही. 

ऑपरेशनची तारीख श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारची ठरली. पहिल्या शनिवारी देवळात कीर्तन होतं. बाळाचार्यांनी रायापूरला निरोप पाठवला, की शनिवारी ये. येते, असा उलट निरोप आला. आता बघा, कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो. ऐंशी वर्षांचा म्हातारासुद्धा त्याच्या पाया पडतो, आणि तो कुणापुढं वाकत नाही. त्या गादीवरून आपली चूक सांगायची म्हणजे गादीलाच उणेपणा, असं श्रीहरींनी त्यांना दबक्या आवाजात सुचवून पाहिलं. बाळाचार्य म्हणाले, गादी माझी नाही रे, चूक माझी आहे. त्यांनी आठवडाभर तयारी केली. काय बोलायचं, किती बोलायचं, कुठं थांबायचं. बायकांच्या बाजूला खांबाजवळ तिच्यासाठी लोड ठेवला. वाटी घासूनपुसून लख्ख केली. सगळं आठवून केलं, एक गोष्ट सोडून.

शनिवारी सहाला अंबूताई आल्या. मालतीबाईंनी धरून आणलं. डाव्या पापणीला वरून पारदर्शक पट्टी चिकटवलेली, डोळा उघडा राहावा म्हणून. लोकांनी वळून पाहिलं, आणि मग पटकन समोर पाहिलं.

त्या दिवशी बाळाचार्यांनी आख्यान लावलंच नाही. छातीवर हात ठेवून म्हणाले, इथं एक शाळा आहे, आणि मी मास्तर असून त्या शाळेचं पान उघडलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं, गाण्यात, बोलण्यात, आपल्या नेहमीच्या गोड हातानं: राखणदार कसे येतात, त्यांना आपलं माणूस कसं दाखवतात, जो आपल्यावर उठतो त्याला कसं थांबवतात. बाहेर बस गेली, ज्योत थरथरली, कुणी हललं नाही. मग त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

“चैत्रात मी माझ्या बहिणीच्या डोळ्यांवर फडकं धरलं,” ते म्हणाले. “ती निजली नव्हती. आजारी होती. ते मला माहीत नव्हतं, असं म्हणून मला सुटता येईल. पण फडक्याखाली तिची बोटं पेटीवर चालत होती. ते मी पाहिलं होतं. पाहूनही मी फडकं काढलं नाही. तुमचं हसू मला गोड लागत होतं.”

कुणीतरी रडायला लागलं. बाळाचार्य रडले नाहीत.

“दोनशे माणसं होती. माझा हात कुणी धरला नाही. तुम्हाला बोल लावत नाही मी. गादीवरच्या माणसाचा हात कोण धरणार? तो मीच धरायला हवा होता.”

आणि ते गादीवरून उतरले. पितळी वाटी घेऊन खांबापाशी गेले, बहिणीपुढं गुडघ्यावर बसले, वाटी तिच्या मांडीशी ठेवली आणि डोळे मिटले. रीत सगळ्यांना ठाऊक होती. निजला होता तो हा, फडकं ह्याच्या डोळ्यांवर. 

काहीच झालं नाही.

बाळाचार्यांना वाटलं, ती विचार करते आहे. मग वाटलं, नको म्हणते आहे. त्यांनी डोळे उघडले. अंबूताईंचा हात वाटीतल्या फडक्यापर्यंत गेला होता. बोटांनी फडकं धरलं होतं. दंड वर उठत होता, वीतभर, आणि पुन्हा खाली येत होता. पुन्हा वीतभर, पुन्हा खाली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“हात वर जाईना अण्णा,” त्या म्हणाल्या, नाकातल्या, ओल्या आवाजात. “सहा वाजून गेलेत की रे.”

हीच ती गोष्ट. लोड आठवला, वाटी आठवली, बोलायचे शब्द आठवले. पण तिला संध्याकाळी बोलवायचं नसतं, हे पुन्हा विसरले. माफी मागतानासुद्धा आपली वेळ धरली, तिची नाही. बाळाचार्य तिथंच बसून राहिले, आणि शेवटी मालतीबाईंनी अंबूताईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं. बाळाचार्यांचे डोळे कोरडे राहिले. ते फडकं त्यांच्या डोळ्यांवर कधीच आलं नाही.

त्या वाटीतलं पाणी त्यांनी जाताना तुळशीला घातलं आणि वाटी पुजाऱ्यांकडं दिली, नैवेद्याच्या कामी लावा म्हणून. तेव्हापासून ती रीत संपली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. दीपश्रीनं आधीच बजावलं होतं, की गाठ काढली म्हणजे दुसऱ्या दिवशी बरं, असं नाही. बाहेर पडलेले चुकार राखणदार शांत व्हायला महिने लागतात, वर्षही लागतं, गोळ्या चालूच. तसंच चाललं आहे. अंबूताई अजून रायापूरलाच राहतात. कचेरीत त्यांनी सकाळची कामं मागून घेतली आहेत. घास आता अडकत नाही.

आणि केशवापुरातल्या रामाच्या देवळात आता कीर्तन सकाळी सातला होतं. लोकांनी कुरकूर केली. नोकरदारांनी केली, दुकानदारांनी केली, श्रोते दोनशेचे साठ झाले. वेळ बदला की आचार्य, म्हणून काही मंडळी त्यांच्या घरी जाऊन आली. बाळाचार्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि वेळ तीच ठेवली. पेटी मागं उजव्या हाताला मांडलेली असते, झाकण उघडं. श्रीहरी त्या जागी बसत नाहीत, आपली दुसरी पेटी घेऊन डाव्या हाताला बसतात. अंबूताई कधी येतात, कधी नाही. आल्या तर बहुतेक वेळा खांबापाशी बसून ऐकतात.

कार्तिकात एका सकाळी त्या उठल्या आणि पेटीवर जाऊन बसल्या. बाळाचार्य ओळ टाकत होते. पाठीमागं कोण आलं हे त्यांनी वळून पाहिलं नाही; त्यांना धीरच झाला नाही. ओळ टाकली, श्वास घेतला, आणि त्या श्वासात बरोबर सूर आला, जरा पातळ, पण जाग्यावर. अशा पाच ओळी झाल्या. सहाव्या वेळी आला नाही. बाळाचार्य तिथं थांबले. पुढची ओळ त्यांनी टाकली नाही, विनोद केला नाही, श्रीहरींना खूण केली नाही. ती दमली आहे, तिला बसू दे, म्हणून ते चिपळ्या धरून उभे राहिले, आणि साठ माणसं त्यांच्याबरोबर गप्प राहिली. केवढा वेळ गेला ते कुणी मोजलं नाही.

मग मागून अंबूताईंचा आवाज आला. “अण्णा, कुठं आलो होतो आपण?”

बाळाचार्यांना सांगता आलं नाही. खरोखरच विसरले होते. अंबूताईंनीच तो शब्द सांगितला, आणि कथा पुढं गेली.

माफ केलं असं त्या म्हणाल्या का? नाही. बाळाचार्यांनी विचारलं का? तेही नाही. रोज रामापुढं हात जोडताना आता बाळाचार्य आधी त्या बोटांबद्दल बोलतात, मग बाकीचं.

तर हे माझं मागणं. तुमच्या घरात, पंगतीत, कचेरीत, दिवस कलता कलता कुणाची पापणी उतरेल, कुणाचा शब्द घसरेल, आणि चारचौघांना हसू फुटायला लागेल. तुमचाही हात गार फडक्याकडं जाईल. तेव्हा पेटीवरच्या त्या चालणाऱ्या बोटांकडं बघा, आणि आमच्या अंबूताईंची आठवण ठेवा.